फोंड्याचा उन्हाळा आणि टेबलाखालची उष्णता

संगणकात शिरलेली वीज शेवटी जाते कुठे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. पंपाला दिलेली वीज पाणी टाकीत चढवते, मिक्सरला दिलेली वीज वाटण वाटते. संगणक काही उचलत नाही, दळत नाही, चढवत नाही. तो आकडेमोड करतो, पडद्यावर अक्षरे उमटवतो आणि घेतलेली जवळजवळ सगळी वीज उष्णतेच्या रूपाने त्याच खोलीत सोडतो. काम किती केले, कसले केले, याला इथे महत्त्व नाही. २५० वॅट ओढणारा संगणक आणि २५० वॅटचा हीटर यांत खोलीतल्या हवेला काडीचाही फरक कळत नाही.

मार्च २०२० नंतर फोंड्यात हा प्रश्न घराघरांत शिरला. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून पुण्या-बंगळुरूच्या नोकरीला लागलेली मुले घरी येऊन काम करू लागली, आणि त्यांतली काही इथेच राहिली. हिशेबनीस, करसल्लागार, लग्नपत्रिका आणि नाटकांच्या जाहिराती जुळवणारे डीटीपीवाले, लग्नाच्या व्हिडिओंचे संकलन करणारे हे तर आधीपासूनच घरातल्या एका खोलीत बसत होते. ही खोली बहुधा दहा बाय दहाची. एक टेबल, एक खिडकी, एक पंखा, टेबलाखाली सीपीयूचा डबा आणि कोपऱ्यात यूपीएस. एप्रिलच्या दुपारी या खोलीत बसणाऱ्याला शेजारच्या खोलीपेक्षा इथे उकाडा जास्त आहे हे न सांगता कळते. तो भास नसतो.

हवामानाची बाजू आधी पाहू, कारण निम्मी उत्तरे त्यातूनच निघतात. गोव्याचा उन्हाळा विदर्भासारखा भाजणारा नाही. पारा तेहेतीस-चौतीसपर्यंत जातो, पण हवेत बाष्प भरपूर असते आणि घाम वाळत नाही. मिरामारच्या किनाऱ्यावर दुपारी खारा वारा सुटतो. फोंडा मात्र समुद्रापासून आत, टेकड्यांच्या मधल्या खळग्यात आहे, तिथे तो वारा उशिरा आणि बराच मंदावून येतो. मार्च महिन्यात पूर्वेचे वारे जोर धरतात तेव्हा समुद्रावरून येणारा वारा दुपार उलटेपर्यंत अडून राहतो, आणि सगळा गोवाच तापतो. मार्च २०२३ मध्ये असेच झाले. हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला आणि ९ व १० मार्चला राज्यातल्या शाळा दुपारपूर्वी सोडाव्या लागल्या. किनारपट्टीसाठी लाटेचा निकष ३७ अंशांचा आहे, मैदानी प्रदेशासाठी ४० चा. हे तीन अंश उगीच कमी धरलेले नाहीत. दमट हवेत ३७ अंश माणसाला जास्त जाचतात.

आता खोलीचा हिशेब मांडू. बाजारातून सुटे भाग घेऊन जुळवलेला, मध्यम ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक काम करताना २०० ते २५० वॅट घेतो. दोन मॉनिटरचे मिळून ४०-५० वॅट. राउटरचे दहा. छताचा जुना पंखा ७५ वॅटचा, आणि त्याची वीजही शेवटी खोलीतच उष्णता होते. ट्यूबलाइट जुनी असेल तर चोक धरून पन्नास. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॅट बाहेर पडतात. बेरीज सहजच पाचशेवर जाते. दहा फूट उंचीच्या या खोलीत हजार घनफूट, म्हणजे २८ घनमीटर हवा मावते, आणि तिचे वजन भरते ३३ किलोच्या आसपास. एवढी हवा एक अंशाने तापवायला साधारण ३३ हजार जूल पुरतात. ५०० वॅट म्हणजे सेकंदाला ५०० जूल. खोली घट्ट बंद असती आणि भिंतींनी काहीच शोषले नसते, तर दर मिनिटाला पारा जवळपास एक अंश चढला असता.

प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण भिंती, फरशी आणि सामान ही उष्णता गिळत राहतात. जुन्या चिऱ्याच्या घरांत तर फारच. दहा बाय दहाची, नऊ इंच जाडीची एक चिरेबंदी भिंत चार टनांच्या घरात वजनाची असते, आणि तिच्यात खोलीतल्या हवेच्या शंभरपटीच्या आसपास उष्णता साठू शकते. म्हणून चिऱ्याच्या घरात सकाळी अकरापर्यंत गारवा टिकतो. मात्र या साठ्याचे एक पथ्य आहे. दिवसभर शोषलेले रात्री बाहेर टाकता आले पाहिजे. डासांच्या भीतीने संध्याकाळी खिडक्या लावून घेतल्या की भिंतीतली उष्णता आतच राहते आणि दुसऱ्या दिवसाची सुरुवात कालच्या शिलकीवर होते. खिडकीला जाळी बसवून ती रात्रभर उघडी ठेवणे, हा या लेखातला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा, कारण लोकांचे पैसे बहुधा याच ठिकाणी वाया जातात. संगणक गरम होणे आणि खोली गरम होणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. सीपीयूवर मोठा पंखा बसवला, थर्मल पेस्ट बदलली, लॅपटॉपखाली पंख्यांची चौकट ठेवली, तर चिप थंड राहते. पण ती थंड राहते याचा अर्थ तिची उष्णता अधिक वेगाने खोलीच्या हवेत टाकली जाते, एवढाच. खोलीला मिळणारे वॅट तेवढेच, उलट त्या जादा पंख्याचे दोन-तीन वॅट वाढलेले. प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांना पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. तसे होत असेल तर चांगला कूलर हवाच. पण त्याने तुमच्या कपाळावरचा घाम कमी होईल अशी आशा धरू नये. लॅपटॉपखालच्या पंख्याच्या चौकटीबद्दल माझे मत प्रतिकूलच आहे. मागची बाजू बोटभर उचलून धरणारा लाकडी ठोकळाही जवळपास तेच काम करतो, आणि गादीवर किंवा मांडीवर लॅपटॉप न ठेवणे त्याहूनही अधिक.

खोलीच्या दृष्टीने खरे उपाय दोनच प्रकारचे आहेत. एक, वॅट कमी निर्माण करणे. दोन, निर्माण झालेले वॅट खोलीबाहेर नेणे. यांत पहिल्याला पहिला मान.

वॅट कमी करायचे तर आधी ते मोजायला हवेत. सॉकेट आणि प्लगच्या मध्ये लावायचा छोटा वॅटमीटर मिळतो. तोही नको असेल तर घराचा वीजमीटर पुरेसा आहे. त्याच्या दर्शनी भागावर एका युनिटला किती ठोके हे लिहिलेले असते, उदाहरणार्थ ३२००, आणि एक तांबडा दिवा त्या हिशेबाने लुकलुकतो. फ्रिज, पंप, गिझर बंद करून फक्त संगणक चालू ठेवा आणि एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. ३२०० ठोक्यांच्या मीटरवर मिनिटाला १६ म्हणजे ३०० वॅट. मग संगणक नुसता उघडा ठेवून मोजा, काम चालू असताना मोजा, झोपवून म्हणजे स्लीपमध्ये घालून मोजा. हे तीन आकडे एकदा कळले की पुढचे निर्णय आपोआप सुचतात. नुसता उघडा राहिलेला संगणक जर ५० वॅट घेत असेल, तर संध्याकाळी सहा ते सकाळी आठ या चौदा तासांत ०.७ युनिट वीज फुकट जाते आणि तेवढीच उष्णता भिंतीत मुरते. झोपलेल्या संगणकाला दोन-तीन वॅट पुरतात.

जुळवलेल्या संगणकात दुर्लक्षित राहणारा भाग म्हणजे एसएमपीएस, घरच्या विजेतून आतल्या भागांना लागणारी वीज बनवणारा डबा. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा स्वस्त एसएमपीएस घेतलेल्या विजेतली चौथाई सहज वाया घालवतो. २०० वॅट घेतले तर ५० तिथेच उष्णता झाले. ‘एटी प्लस’ हे प्रमाणचिन्ह २००४ मध्ये आले. ते असलेला एसएमपीएस किमान ८० टक्के वीज पुढे पोचवतो, आणि त्यातल्या गोल्ड वर्गाचा नव्वदच्या जवळपास. नवीन ग्राफिक्स कार्डावर हजारो रुपये घालणारा माणूस इथे हजार-दीड हजार वाचवायला बघतो, हे मला नेहमीच चुकीचे वाटत आले आहे.

प्रोसेसरचा वेग आणि वीज यांचे नाते समजून घेण्याजोगे आहे. चिपमधल्या कोट्यवधी स्विचांची उघडझाप होताना लागणारी वीज ही वेगाच्या पटीत आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग वाढवायचा तर दाबही वाढवावा लागतो. म्हणजे वेग आणि दाब दोन्ही १० टक्क्यांनी उतरवले, तर वीज ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ७३ टक्क्यांवर येते. दहा टक्के वेग सोडून सत्तावीस टक्के उष्णता वाचते. टॅली, ब्राउझर, वर्डचे काम करणाऱ्याला ते दहा टक्के जाणवतही नाहीत. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये ऊर्जाबचतीचा पर्याय निवडा. जिथे प्रोसेसरची कमाल मर्यादा टक्क्यांत ठरवता येते तिथे ती ९९ करा. बहुतेक संगणकांत एवढ्याने टर्बो म्हणजे क्षणिक जादा वेगाची सोय बंद होते आणि पंख्याचा आवाज लगेच उतरतो. मॉनिटरची चमक कमी करणे, खेळांसाठीचा १४४ हर्ट्झचा पडदा कामाच्या वेळी ६० वर आणणे, पन्नास टॅब उघडे न ठेवणे, हे लहान उपाय आहेत, पण ते आठ तास चालतात.

नवीन यंत्र घ्यायचेच असेल तर मात्र मोठी संधी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा भारतात घडवलेला संगणक कामाला लागला, तो निर्वात नळ्यांवर चालणारा होता. त्याच्याही आधीच्या अमेरिकेतल्या एनिॲकमध्ये अठरा हजारांच्या आसपास नळ्या होत्या आणि तो १५० किलोवॅट वीज खाई. त्या काळी संगणक बसवणे म्हणजे उष्णता बाहेर काढायची सोय आधी बांधणे असे. तिथून आपण इथवर आलो आहोत की ॲपलच्या २०२० च्या एम-१ मॅक मिनीचा कमाल वापर ३९ वॅट आहे, आणि पुस्तकाएवढे इतर मिनी पीसीही बहुतेक वेळ त्याहून कमी विजेवर कार्यालयीन काम करतात. दुसऱ्या टोकाला एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० या एकट्या ग्राफिक्स कार्डाची मर्यादा ४५० वॅट आहे. दोन्ही गोष्टी एकाच काळातल्या आहेत. म्हणून दुकानात वेगाबरोबर वॅटही विचारावेत. हिशेबनीस, शिक्षक, लेखक, प्रोग्रॅमर यांपैकी बहुतेकांना लॅपटॉप किंवा मिनी पीसी पुरतो, आणि त्यांच्या खोलीतले दीड-दोनशे वॅट एका फटक्यात नाहीसे होतात. व्हिडिओ संकलकाला मोठे कार्ड लागते हे खरे. त्याने रेंडरिंग रात्री किंवा पहाटे लावावे. बाहेरची हवा तेव्हा थंड असते आणि खोलीत कुणी बसलेले नसते.

लेझर प्रिंटरविषयी थोडक्यात. कागदावर भुकटी वितळवून चिकटवण्यासाठी त्यातला रूळ २०० अंशांच्या आसपास तापतो. दिवसाला दहा पाने छापणाऱ्याने तो सतत तापता ठेवू नये. शाईच्या टाकीचा प्रिंटर घ्यावा, नाहीतर लेझर प्रिंटर बाहेरच्या खोलीत ठेवावा.

आता दुसरा भाग, निर्माण झालेली उष्णता बाहेर नेणे. छताचा पंखा हे काम करत नाही. तो माणसाला गार करतो, खोलीला नाही. अंगावरचा घाम वाळवून दोन-तीन अंशांचा दिलासा देतो, म्हणून तो हवाच. फक्त जुना ७५ वॅटचा काढून तीस वॅटच्या आसपास चालणारा बीएलडीसी पंखा लावावा. पण उष्ण हवा दाराखिडकीतून बाहेर पडली आणि तिच्या जागी बाहेरची आली, तरच खोली हलकी होते.

किती हवा लागते? ३०० वॅट उष्णता वाहून न्यायची आणि खोली बाहेरच्यापेक्षा दोन अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, असे ठरवले तर सेकंदाला ०.१३ घनमीटर, म्हणजे तासाला सुमारे ४७० घनमीटर हवा बदलावी लागते. स्वयंपाकघरात लागतो तो नऊ इंची एक्झॉस्ट पंखा हे सहज करतो. तो भिंतीत वर, छताजवळ बसवावा, कारण गरम हवा तिथे साठते. त्याच्या समोरच्या बाजूने, खालच्या अंगाने हवा आत यायला वाट हवी. दार घट्ट बंद असेल तर पंखा नुसताच फिरतो. आत येणारी हवा कुठून येते याकडे विशेष लक्ष द्यावे. अंगणात सिमेंटचे ठोकळे किंवा फरशी टाकली असेल तर त्यांवरून येणारी दुपारची हवा बाहेरच्या हवेपेक्षाही तापलेली असते. परसातल्या झाडांच्या सावलीतून येणारी हवा वेगळी. सावई-वेरे, केरी, प्रियोळच्या बाजूला ज्यांच्या घराला कुळागर लागून आहे, त्यांच्याकडे माडा-पोफळींची दाट सावली आणि पाटाचे पाणी यांमुळे भर दुपारी सुसह्य हवा दारात उभी असते. तिला आत येऊ द्यावे.

जुन्या घरांनी ही व्यवस्था न बोलता करून ठेवली होती. उंच छप्पर, नळ्यांच्या फटींतून वर निसटणारी गरम हवा, मधले राजांगण, पुढची वसरी. ज्यांना असे घर मिळाले आहे त्यांनी कामाच्या खोलीला पीओपीचे खोटे छत लावून ते बंद करू नये. कुर्टी, शांतीनगर, ढवळीच्या नव्या सदनिकांत गोष्ट उलटी आहे. छत स्लॅबचे, उंची कमी, आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, ज्या कितीही उघडल्या तरी निम्म्याच उघडतात. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याची स्लॅब दिवसभर तापून रात्री आत उष्णता सोडते. गळती थांबवायला गच्चीवर पत्रे घालायची पद्धत गोव्यात आहेच. पत्रा आणि स्लॅब यांच्यात वारा खेळेल एवढी जागा राहिली तर तोच पत्रा उन्हालाही अडवतो.

संगणकाला दोष देण्याआधी पश्चिमेची खिडकी पाहावी. संध्याकाळी चारच्या उन्हात उघड्या पडलेल्या एक चौरस मीटर काचेतून चार-पाचशे वॅट सहज आत येतात. हा आकडा तुमच्या सगळ्या यंत्रांएवढा आहे. आतून लावलेला पडदा यात फारसे काही करत नाही, कारण ऊन काचेतून आत आलेले असते आणि पडदाच तापतो. सावली काचेच्या बाहेर हवी. छज्जा, बांबूची चटई, हिरवी जाळी, माडाच्या झावळ्यांचा झाप, वेल चढवलेली चौकट, काहीही चालेल.

टेबलाच्या बंद खणात सीपीयू ठेवण्याची सुतारांची आवड यंत्राच्या मुळावर येते. मागून बाहेर पडलेली गरम हवा तिथेच घुटमळते आणि पुढच्या जाळीतून पुन्हा आत ओढली जाते. मागचा फळा काढून टाकावा आणि भिंतीपासून वीतभर अंतर ठेवावे. त्याहून सरस उपाय असा की सीपीयूच खोलीबाहेर न्यावा. पाच मीटरपर्यंतची एचडीएमआय आणि यूएसबी केबल साधारणपणे बिनतक्रार चालते. भिंतीला एक भोक पाडून मॉनिटर, कळफलक आत आणि डबा पॅसेजमध्ये किंवा जिन्याखाली ठेवला, तर दोनशे वॅट आणि पंख्याचा आवाज एकदमच जातात. हा उपाय फारच कमी लोक करतात. करणारे परत फिरत नाहीत.

इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी यांनाही कामाच्या खोलीत जागा देऊ नये. वीज जाऊन आली की बॅटरी तासन् तास चार्ज होते, तेव्हा ती स्वतः तापते, इन्व्हर्टर तापतो, आणि पाणी घालायच्या प्रकारच्या बॅटरीतून हायड्रोजन वायूही निघतो. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना निम्मे होते. हवेशीर वसरीत, सावलीत, जमिनीपासून थोडी उचलून, ही तिची जागा. एसएमपीएस आणि मदरबोर्डवरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरनाही साधारण असाच नियम लागू पडतो. हार्ड डिस्कविषयीची भीती मात्र वाजवीपेक्षा जास्त आहे. गूगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मध्यम तापमानाच्या टप्प्यात उष्णता आणि बिघाड यांचा ठळक संबंध आढळला नाही. लॅपटॉपच्या लिथियम बॅटरीला उष्णता आणि पूर्ण भरलेली अवस्था ही जोडी बाधते. दिवसभर प्लगला लावलेल्या लॅपटॉपची चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवावी. बॅटरी फुगून कळफलक वर आलेला दिसला तर तो लॅपटॉप त्याच दिवशी वापरायचा थांबवावा.

कूलरबद्दल दरवर्षी कुणीतरी विचारतेच. नागपूरला चालतो तो फोंड्याला का नाही? नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर पाणी वाळवून हवा सिद्धांताने २४ अंशांपर्यंत उतरवता येते. फोंड्याच्या ३४ अंश आणि ६५ टक्क्यांच्या हवेत हीच मर्यादा २८ च्या पुढे सरकते. म्हणजे कूलर फार तर चार-पाच अंश देणार आणि बदल्यात खोलीची हवा ओलीचिंब करणार. त्या ओलाव्यात घाम वाळत नाही, कागद लिबलिबीत होतो आणि मदरबोर्डवर गंज चढतो. गोव्यात संगणकाच्या खोलीत कूलर आणू नये, हे मी ठामपणे म्हणेन.

एसी ही वेगळी गोष्ट. १९०२ मध्ये विलिस कॅरियर यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या छापखान्यासाठी पहिले आधुनिक वातानुकूलन यंत्र आखले, ते माणसांच्या सुखासाठी नव्हतेच. दमट हवेत कागद फुगून रंगांची छपाई सरकत होती, तो ओलावा काढण्यासाठी होते. आपल्याकडे एसीचे खरे मोल तेच आहे. एक टनाचा एसी सुमारे ३,५०० वॅट उष्णता बाहेर टाकू शकतो, तेव्हा ३०० वॅटच्या संगणकापायी दीड टन घ्यायचे कारण नाही. गरजेपेक्षा मोठा एसी खोली पटकन थंड करून थांबतो, हवेतले पाणी काढायला त्याला पुरेसा वेळच मिळत नाही, आणि खोली थंड पण चिकट राहते. लहान इन्व्हर्टर एसी, २६-२७ अंश आणि सोबत हळू पंखा, एवढे पुरते. २०२० पासून नव्या एसींचे मूळ तापमान २४ वर ठेवणे केंद्राने बंधनकारक केले आहे. यंत्रांना त्याहून थंडी लागत नाही. मोठ्या डेटा सेंटरांसाठीही १८ ते २७ अंश ही शिफारस आहे.

एसी वापरणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर २६ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव जमते. एसीच्या खोलीत गार झालेला लॅपटॉप बाहेर वसरीत नेऊन लगेच उघडला, तर ते पाणी आतल्या पट्ट्यांवर बसू शकते. बॅगेतच अर्धा तास राहू द्यावा.

जून लागला की सगळे गणित फिरते. पारा २८-२९ वर येतो, आर्द्रता नव्वदीत जाते, आणि जी उष्णता मे महिन्यात नकोशी होती ती यंत्राला राखू लागते. २८ अंशांची ९० टक्के ओली हवा संगणकाच्या पोटात ३८ अंशांना तापली की तिची आर्द्रता पन्नाशीच्या आसपास उतरते. पावसाळ्यात महिनाभर बंद राहिलेली यंत्रेच अधिक बिघडतात, त्याचे एक मोठे कारण हे आहे. वापर नसला तरी रोज तासभर संगणक चालू करावा.

धूळ हा तेवढाच जुना शत्रू. उसगाव-तिस्कच्या खनिजवाहतुकीच्या रस्त्यांलगत राहणाऱ्यांना तांबड्या धुळीबद्दल काही सांगायला नको. ती ओलाव्याबरोबर मिसळून कूलरच्या पात्यांवर लेपासारखी बसते आणि हवा अडवते. वर्षातून दोनदा, एकदा मार्चच्या आधी आणि एकदा चवथीच्या साफसफाईत, डबा अंगणात नेऊन हवेच्या झोताने साफ करावा. झोत मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून पंखा बिघडतो. सफाईनंतर आत मुंग्यांनी किंवा पालीने घर केले नाही ना, तेही बघून घ्यावे. यूपीएसच्या उबेला दोघीही येतात.

फोंडा तालुक्यात आज जी घरे बांधली जात आहेत, त्यांच्या नकाशात कामाची खोली आता हमखास असते. स्वयंपाकघराला आणि न्हाणीघराला एक्झॉस्ट पंख्याचे भोक आपण न विसरता ठेवतो, या खोलीला कुणी ठेवत नाही. भिंत उभी राहण्याआधी मालकाने गवंड्याला सांगावे: छताखाली नऊ इंची पंख्याचे भोक, त्याच्या समोर खाली जाळीची झडप, पॅसेजकडे केबलसाठी दोन इंची नळी, आणि पश्चिमेच्या खिडकीवर रुंद छज्जा. बांधतानाच केले तर खर्च अगदी किरकोळ येतो. गिलावा झाल्यावर तेच काम तोडफोडीचे होते.